उलटी बाजू

रात्रीच्या बातम्यांत हवामान सांगत होते
तेव्हा माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट थांबलं.
मी नाही थांबवलं. ते आपणहून थांबलं,
जसं बिएल्स्कोच्या गिरणीत एकतीस वर्षं थांबत आलं:
लोकरीच्या ताग्याची उलटी बाजू टेबलावर सरकत यायची,
उत्तरेच्या खिडकीतला उजेड तिरपा,
आणि आम्ही अकरा जणी, बघत कुणीच नव्हतो,
चाचपत होतो.
डोळ्याला फसवणारं सूत बोटाला फसवत नाही.
बोट अडलं की खडूची फुली,
मग चिमटा, मग हलकीशी ओढ, मग
काही घडलंच नव्हतं असं कापड.

शप्रोत्काच्या पाठीवर, डाव्या फऱ्याखाली,
कातडी सरकते, पण ती गाठ सरकत नाही.
वाटाण्याएवढी. नाही, मसुरीएवढी.
परत वाटाण्याएवढी.
दुखत नसावं. ती घुरघुरते आहे,
आणि उद्या क्राकूफला धुकं आहे.

गेनेकची आधी मानेत होती,
मग सगळीकडे.
तीही याच बोटाला सापडली,
दारात, मफलर गुंडाळताना, बसची वेळ झालेली.
मी म्हटलं, हे काय?
तो म्हणाला, काही नाही, कसून बांध.
मी कसून बांधला.

रात्रभर मी मांजराला झोपू दिलं नाही.
दर तासाला उठून बघायचं: आहे.
तिसऱ्या खेपेला तिनं ओरबाडलं. बरोबरच केलं.

सकाळी बाजाराची टोपली, वर टॉवेल,
सात नंबरची बस.
शेजारच्या बाईनं विचारलं, काय घेतलंत?
मी म्हटलं, बीट.
बीटानं म्याव केलं.
ती उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. सभ्य बाई.

डॉक्टर कुबित्स्का, नखांना निळा रंग,
मला नात असती तर त्या वयाची.
तिला आधीच बजावून ठेवलं,
हिला दुखवलंस तर माझ्याशी गाठ आहे.
ती हसली. मशीननं केस काढले,
नाण्याएवढा गुलाबी तुकडा उघडा पडला,
आणि मी मनातल्या मनात त्यावर फुली मारली.

मग फोटो. काळ्या काचेवर मांजर नव्हतंच,
खाऊन उरलेल्या माशासारखं काहीतरी,
आणि त्या काट्यांत
एक पांढरा, गुळगुळीत, पुरता गोल ठिपका.

छर्रा, ती म्हणाली. हवेच्या बंदुकीचा.
जुना आहे. तुमच्याकडे यायच्या आधीचा.

सहा वर्षांपूर्वी ही जिन्यात,
कोळशाच्या रिकाम्या बादलीत बसलेली सापडली.
मला वाटलं होतं, हिची सुरुवात तिथून.

मी हात पुढे केला. खरंच केला,
चिमट्यासाठी, जसा टेबलापाशी करायचे.
काढायचा नाही, ती म्हणाली.
हिच्या अंगानं त्याच्याभोवती विणून घेतलंय.
आता उसवलं तर जास्त लागेल.

विणून, म्हणाली. तिला कुठे ठाऊक मी कोण ते.

परतीच्या बसमध्ये मी प्रत्येकाचे हात बघितले.
तेव्हा चौदाचा असेल तर आता विसाचा,
कामावर जात असेल, आईला फोन करत असेल.
तशाच एकानं उठून मला जागा दिली.
क्षणभर उभी राहिले.
मग बसले. गुडघे दुखत होते.

आता केस परत उगवलेत तिथे,
जरा फिकट, उलट्या दिशेला वळलेले.
आमच्या मुकादमीणबाईंनी एका नजरेत पकडलं असतं,
कडेला शिक्का मारला असता: दुय्यम माल.

दुय्यम माल आम्हाला अर्ध्या भावात मिळायचा.
गेनेकचा राखाडी ओव्हरकोट त्यातलाच,
बावीस हिवाळे गेला.
पाठीत कुठेतरी एक गाठ राहून गेली होती,
मला ठाऊक होतं कुठे.