बावीस इंच

टेबलावर जागा आहे का, हा पहिला प्रश्न.
किंमत नंतर.
किंमत विचारली की बोलणं तिथंच संपतं,
आणि मला अजून थोडं बोलायचं होतं.

मृण्मयीनं फोनवर दाखवलं ते यंत्र:
कागद आत सरकतो, जरा थबकतो,
मग एक पातं, मोहरीएवढं,
मोर कापतं. पिसाऱ्यासकट. बत्तीस सेकंदांत.
मी मोजले.
माझ्या मोराला पाऊण तास लागतो
आणि त्यातली पंधरा मिनिटं डोळ्यापाशीच जातात.

अंगठा दुखतो, हे खरं.
डॉक्टर म्हणाले, अंगठ्याला विश्रांती द्या,
जसा काही तो वेगळा राहतो,
दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर, भाड्यानं.

ज्योत्स्नाबेन अमीन यांच्या नातवाचं बारसं:
ऐंशी कार्डं, प्रत्येकावर कमळ, आठ पाकळ्या.
सहाशे चाळीस.
एकसष्टाव्या कमळाला सातच निघाल्या.
दिलं तसंच, गठ्ठ्यात मधोमध दडवून,
आणि महिनाभर त्या दिसल्या की मी रस्ता ओलांडला.
शेवटी गाठलंच त्यांनी भाजीपाशी:
"बहु सरस! जाणे मशीनथी काप्युं होय!"
ही शाबासकी होती.
घरी येईपर्यंत मी ती उलटीपालटी करून पाहिली.

सत्तावीस हजार पाचशे. रविवारपर्यंतच.
पातं वेगळं, चिकट चटई वेगळी,
चित्रांना दरमहा वर्गणी,
म्हणजे मोर माझ्या घरात, पण भाडेकरू.
कागद-गोंद वजा जाता कार्डामागे पस्तीस सुटतात.
प्रतापनगरला रेल्वेच्या हिशेब खात्यात तीस वर्षं काढली,
आकड्यांना मी भीत नाही.
सातशे शहाऐंशी कार्डं, तेव्हा कुठे फिटेल.
मग त्यात अंगठा धरायला गेले,
तर अंगठ्याला रकानाच नव्हता.

गेंडीगेटला इक्रामभाई पतंगाचा कागद कापतात.
वीस ताव एकावर एक, सुरी एकदाच.
त्यांना विचारलं. कुणाला तरी विचारायचंच होतं.
सातशे शहाऐंशी ऐकून हसले,
म्हणाले, आकडा तर मुबारक आहे.
मग सुरीला धार लावत:
दहा हजार पतंगांनंतर हातच मशीन होतो, बेन,
फक्त त्याला वॉरंटी नसते.
तुमच्यावाल्याला किती?
एक वर्ष, म्हटलं.
"बस?"

मंगळवारी रात्री मी पुठ्ठा काढला
आणि यंत्राच्या मापाची पेटी कापली,
लांबी बावीस, रुंदी सात, उंची साडेसहा,
जुन्याच कात्रीनं, कण्हत, दोनदा थांबून.
टेबलावर ठेवली.
गोंदाच्या बाटल्या उठून खिडकीत गेल्या.
उजव्या कोपराला सरकून बसावं लागलं.

बुधवारी अच्युतरावांनी तिच्यावर चष्मा ठेवला.
गुरुवारी पेपर, मग चहाची बशी.
शुक्रवारी माझ्या तोंडून निघालं,
"मशीनवरचं आधी उचला ते!"
आणि आम्ही दोघं
त्या पोकळ पुठ्ठ्याकडे बघत राहिलो.

रविवारी अलकापुरीतल्या दुकानात फोन केला:
जाड हातकागद चालेल का?
"लई आवो ने, बेन. कापीने जुओ."

पिशवीत चार ताव घातले, अंगठ्याचा पट्टा,
आणि एक कमळ, काल रात्री मुद्दाम कापलेलं,
सात पाकळ्यांचं.
बघू, हे जमतं का त्याला.

रिक्षावाला म्हणाला, साठ.
मी म्हटलं, चाळीस.
टेबलाला अजून काही सांगितलेलं नाही.