संदर्भ हवा

ये, बस. ती खुर्ची डुगडुगते, खिडकीकडची घे.
चोडणच्या वाचनालयात आम्हाला वरची एवढीच खोली मिळाली,
रविवारी तीन ते सहा, वीज असेल तर.
पासवर्ड फळ्यावर आहे. पुसू नकोस,
फळदेसाई रागावतात.

तुझं नाव मी आधीच पाहिलं, सेलसा कुलासो.
काल रात्री अकरा वाजून सतरा मिनिटांनी
तू आमच्या गावकोशात चार ओळी लिहिल्यास,
आणि पाच मिनिटांत त्या उडाल्या, तेही पाहिलं.
मनाला लावून घेऊ नकोस.
इथं पुसलेलं काही जात नाही.
'इतिहास' अशी एक कळ आहे, दाब.
बघ, आहेत ना तुझ्या ओळी,
खाडीच्या गाळात तिसऱ्या बसतात तशा.

पुढच्या वेळी आधी धूळपाटीवर हात बसव.
तिथं काहीही लिही, मोड, पुन्हा लिही.
ऱ्हस्व-दीर्घाला भिऊ नकोस.
हळर्णकरबाईंना रात्री झोप लागत नाही,
त्या वेलांट्या फिरवत बसतात.
कोंकणी शब्द घाल, पोर्तुगीज घाल,
आल्तार आल्तारच राहू दे,
कुणी 'वेदी' केलं तर मला सांग.
फक्त 'निसर्गरम्य' लिहू नकोस,
ते हॉटेलवाले लिहितात.
झरीला किती पायऱ्या, दगड कुठला,
पाणी कोणत्या महिन्यात आटतं, ते लिही.

मी पहिल्यांदा फेरीबोटीचं वेळापत्रक चढवलं होतं.
तेहतीस वर्षं बोटीवर तिकिटं फाडलेला माणूस,
चुकणार कुठं?
चुकलो. रविवारची शेवटची बोट राहिली,
रविवारी मी सुट्टीवर असायचो.

आता तुझ्या ओळी.
लेख माझा आहे, हे तुला ठाऊक नसणार.
'मानस': खाजनाच्या बांधातला लाकडी दरवाजा,
भरतीच्या रेट्यानं मिटतो, सुकतीला उघडतो.
बाराशे शब्द. दोन वर्षं कुणी हात लावला नाही.
अखेरचं वाक्य मला फार आवडायचं:
'मानशीवर रात्र जागणारा शेवटचा माणूस गेला
आणि ती विद्या त्याच्याबरोबर गेली.'

तू त्यातला 'शेवटचा' खोडलास.
खाली लिहिलंस,
माझा तियू अजून जागतो.
अमावास्येला दोनदा उठतो.
फळी कुजली की माटीची नवी तासतो.
कोरगुट पेरण्याआधी जमिनीतलं मीठ कसं धुवायचं ते मलाही येतं.

फळदेसाईंनी उलटवलं, शेरा मारला: संदर्भ नाही.
त्यांचं बरोबर आहे. नियम मीच केलाय,
फळ्यावर पासवर्डाच्या वर, लाल खडूनं.

काल रात्री मग मी पाणी प्यायला उठलो
आणि स्वयंपाकघरात तसाच उभा राहिलो.
चोडण केवढं? सायकलनं दुपारभरात फिरून होतं.
मी त्या बांधावर शेवटचा कधी गेलो होतो?
शेवटचा माणूस मेला की
लिहिणाऱ्याचं बरं असतं,
दुरुस्त करायला कुणी येत नाही.

चल. सुकती कधी लागते आज? साडेपाचला?
वही घे. माझा फोन घे, फोटो तोच बरे काढतो.
फळदेसाईंनाही उठवू, त्यांना पाण्याची भीती आहे,
बांधावर हात धरून नेऊ.
तियूचं पूर्ण नाव विचार, पण छापू का तेही विचार.
नको म्हणाला तर नको.
मासळी देऊ लागला तर मात्र नाही म्हणू नकोस,
हा नियम फळ्यावर नाही.

आणि परत आल्यावर ते वाक्य तूच बदल,
माझ्या हातानं नको.
जतन करताना खाली एक चौकोन येतो,
बदल का केला ते तिथं थोडक्यात लिहायचं.
आधी लिहिणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून
पुष्कळ जण तो रिकामा सोडतात.
तू सोडू नकोस.
लिही: माणूस जिवंत आहे.