पाठ

इनासची पाठ मला पाठ आहे.
अकरा हंगाम मी तिच्या मागे उभा होतो,
दोन खांबांच्या मध्ये, थुंकीने हातमोजे ओले करत.
जर्सीवरचा पाच आकडा उसवलेला,
फिलोमिनाने जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने टाचलेला,
जरासा डावीकडे कललेला.
तोही धावताना डावीकडेच कलायचा,
एकोणनव्वद साली गुडघ्यातून काहीतरी गेलं तेव्हापासून.
काय गेलं ते डॉक्टरला विचारायला
क्लबकडे पैसे नव्हते.

क्लब म्हणजे बंदर स्पोर्टिंग, वेंगुर्ले.
पहाटे पाचची एसटी, बांद्याच्या नाक्यावर कांदाभजी,
सीमेपलीकडे दुसऱ्या डिव्हिजनची मॅच
आणि रात्री मासळीच्या रिकाम्या टेम्पोतून परत,
पायांत क्रेट, अंगाला बांगड्याचा वास,
खिशात एक पॉइंट, बहुधा तोही नाही.
महिना सहाशे, हंगाम असेल तर.
नसेल तेव्हा बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायच्या.
आमचे फॉरवर्ड मडगावला गेले, एक तर पार कलकत्त्याला गेला,
तिथून त्याने स्वेटर घातलेला फोटो पाठवला.
स्टॉपरला न्यायला कोण येतं?

मैदानात तो बोलायचा तेवढं एकच वाक्य,
मागे न बघता, हात मागे करून:
तू रव. मी जातंय.
आणि जायचा.
समोरचा पोरगा वाऱ्यासारखा येत असायचा,
इनास कधीच वारा नव्हता.
तो भरतीच्या वेळी खुंटाला बांधलेल्या होडीसारखा
दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे,
आणि बॉल मात्र त्याच्याच पायाशी.
दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी: सामना बरोबरीत.
एकदा नाव आलं होतं. इग्नेश छापलं होतं.
ते कात्रण त्याने जपलं, नाव दुरुस्त न करता.

गोल एकूण तीन.
एक आमच्यासाठी, कॉर्नरवरून, कानाला लागून गेलेला.
उरलेले दोन माझ्यावर.
त्यातला दुसरा म्हापशाला, शेवटच्या मिनिटाला,
चिखलात घसरताना टाच लागली
आणि तो वळला.
अकरा वर्षांत चालू मॅचमध्ये तेवढा एकदाच मी त्याचा चेहरा पाहिला.
बाजारात सुटे पैसे सांडल्यावर माणूस
वाकून सगळ्यांच्याच पायांची माफी मागतो, तसा.
जावंदे रे, म्हटलं मी.
ऐकलं नाही त्याने. स्वतःच आत आला,
जाळीत अडकलेली कुर्ली सोडवावी
तसा बोटं सांभाळून बॉल सोडवला,
आणि माझ्या हातात दिला.

शेवटची मॅच कॅम्पच्या मैदानावर.
कुणी सांगितलं नव्हतं की शेवटची.
सत्तराव्या मिनिटाला उभादांड्याचा एक पोर आत आला,
इनासने कॅप्टनची पट्टी सोडली, गाठ सुटेना,
दाताने सोडली.
टाळ्या झाल्या नाहीत;
बंदराला बोट लागली म्हणून
अर्धे प्रेक्षक पिशव्या घेऊन उठून गेले होते.
त्यानंतरची वीस मिनिटं
माझ्यासमोर समुद्रापर्यंत सगळं उघडं होतं.
चार गोल खाल्ले.

टीमचा एकच फोटो आहे. गोलकीपर खाली बसतो,
उंच माणसं मागे. म्हणजे तिथे तो माझ्या मागे आहे,
आणि मी त्या फोटोत उगाचच
कुणीतरी हाक मारेल तसा मान वळवायच्या बेतात दिसतो.

आता बर्फ आणायला जातो तेव्हा तो भेटतो,
कारखान्याच्या दारात, गोणपाट खांद्यावर.
गुडघो? मी विचारतो.
आसा, तो म्हणतो.
मग सौदळ्याच्या भावावर बोलतो आम्ही,
त्याच्या दुबईच्या मुलीवर, माझ्या मोतीबिंदूवर.
काल एक लॉरी भोंगा न वाजवता मागे येत होती.
मला दिसली नाही. त्याचा हात छातीवर आला,
मला भिंतीशी लोटलं,
आणि तो पुढे झाला, ड्रायव्हरला शिव्या घालत,
डावीकडे कलत.
भुसा चिकटलेला साधा मळका सदरा.
माझे डोळे, गाढवासारखे,
त्यावर पाच शोधत राहिले.