पालथा दगड

पन्हाळ्याच्या पायथ्याला एसटी सोडली
की पुढं दीड मैल पायी, दोन्ही अंगांनी ऊस.
शांतवनकाकाच्या हातात चुन्याची बादली,
माझ्याकडं कुंचा, मेणबत्त्या, झेंडूची पिशवी.
दर दोन नोव्हेंबरला आम्ही असे निघतो,
लग्नघर रंगवायला निघाल्यासारखे.

गिरजेमाळावर आता गिरजा नाही.
चौथरा आहे. घंटेचा खांब आहे,
घंटा कुठल्याशा तालमीत गेली म्हणतात.
आणि सतरा थडगी.
मागल्या साली अठरा मोजली होती.
ऊस दर हंगामाला एक पाऊल पुढं सरकतो
आणि त्याच्यावर कुणी ओरडत नाही.

सगळ्यात उंच दगड खापरपणजोबाचा,
योहानेस केलर, जर्मनीहून आलेला, कौलं भाजणारा.
त्याची अक्षरं काटेरी, बाभळीच्या कुंपणासारखी.
काका त्यावरून बोट फिरवत मोठ्यानं वाचतो,
पाठ आहे म्हणून वाचतो,
अर्थ त्यालाही लागत नाही.

आमचं आडनाव शाळेत मास्तरांनी केलारे केलं,
रेशनकार्डावर ते केळारे झालं,
आत्याच्या लग्नपत्रिकेत थेट केळकर,
आणि अख्ख्या मांडवानं विचारलं, तुम्ही कोकणातले का?
उद्यमनगरात मशीन बसवायला आलेला एक जर्मन
मला म्हणाला, केलर म्हणजे तळघर.
मी हसले तेव्हा.
रात्री मात्र झोप लागली नाही.

त्याची बायको राहेल.
दुष्काळात आईबापाविना उरलेली.
मिशनच्या वहीत एवढंच: मुलगी, वय अंदाजे सात.
आधीचं नाव कुणी विचारलं नाही,
किंवा विचारलं आणि लिहिलं नाही.
भट्टीवर माती मळायची, असं ऐकून आहोत.
तिची कबर कुठली, काकाला माहीत नाही,
काकाच्या बापालाही नव्हती.
"असंल की हितंच कुठंतरी," तो म्हणतो
आणि चुना लावत पुढं सरकतो.

चुन्याला पाणी कमी पडलं
म्हणून मी हिंदुराव चौगुल्यांच्या विहिरीवर गेले.
आक्काताई धुणं आपटत होत्या.
गोठ्यावर जुनी कौलं, एकेकाच्या कडेला अंगठ्याचा ठसा,
लहान, बाईमाणसाचा असावा असा.
मी त्याच्याकडं बघत उभी होते
आणि मग नजर खाली आली, धुण्याच्या दगडावर.
चारी कडा सरळ. कोपरे काटकोनात.
इतका सरळ दगड डोंगर देत नाही.

"सासूच्या सासूपासनं हाय ह्यो," आक्काताई म्हणाल्या.
उलटवून बघू का, मी विचारलं.
हिंदुराव पहार घेऊन आले, काका बादली टाकून आला,
चौघांनी जोर लावला, दगड उताणा झाला.

चिखल. दोन गोगलगायी. साबणाचा जुना वास.
आणि बाळबोध अक्षरं,
पालथी पडून राहिली म्हणून काल कोरल्यासारखी.
राहेल केलर.
आणि त्याच्याखाली, तेवढ्याच मोठ्या आकारात,
साळू.

म्हणजे कुणीतरी विचारलं होतं.
परक्या बोलीतला, मातीचे हात झालेला एक माणूस
एखाद्या रात्री भट्टीपाशी म्हणाला असेल,
तुझं खरं नाव काय गं?

काका मटकन खाली बसला.
आक्काताईंनी पदरानं चिखल पुसला, एक एक अक्षर.
"एवढी वर्सं मी हिच्या पाठीवर आपटत हुते व्हय,"
त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं,
"मग आता धुनं कशावर धुवायचं?"

कुणी बोललं नाही.
ट्रॉली सोमवारी मिळायची होती,
तोडणी लवकर आटपली तर.
विहिरीच्या ओलीत मेणबत्ती काही पेटेना.
चुना वाळून कुंचा कडक झाला.

तिसऱ्या दिवशी फोन आला आक्काताईंचा.
धुणं सध्या खालच्या ओढ्यावर नेतात,
लांब पडतं जरा,
पर ऱ्हावू दे म्हणाल्या, घाई न्हाई.