पाळत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी
मुख्याधिकाऱ्यांनी माझ्याकडं दोन पानं मागितली:
मन्मथअप्पा हालकुडे. जन्म, कार्य, तुरुंगवास, मृत्यू.
मी आवक-जावक बघणारा कारकून.
अप्पांची माझी ओळख एवढीच
की परंड्याच्या स्टँडसमोर ते उभे आहेत,
तोंड उघडं, बोट बार्शीकडं,
आणि बोटावर बहुतेक वेळा कावळा.

रेकॉर्डच्या खोलीत, खालच्या फडताळात,
सुतळीनं बांधलेली एक मिसल निघाली.
सगळी उर्दूत, घाईच्या हाताची.
ती घेऊन गेलो सालेह चाऊसांच्या ओसरीवर.
एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं,
दुसऱ्यानं ते वाचत गेले, मराठी करत गेले:

"सन तेराशे सत्तावन फसली, माहे आजर.
इसम मन्मथअप्पा, मीठ-तेलाचं दुकान.
डावा पाय ओढतो.
सीनवर जीभ अडते. सीन म्हणजे आपला स."

काका, पुन्हा वाचा.

"अडते, असंच लिहिलंय.
शुक्रवारच्या बाजारात सभेला उभा राहिला.
स्व, स्व, करत राहिला, घामाघूम.
मागून एक पोरगं हसलं.
शेवटी 'आझादी' म्हणाला आणि खाली बसला.
लोक मात्र बसेनात."

चाऊस पान उलटतात.
"बायकोशी तंटा. पोराच्या फीचे पैसे
खादीच्या गठ्ठ्याला दिले.
उधारीची वही ठेवतो, वसुलीला जात नाही.
रात्री तराजूचं एक पारडं काढून ठेवतो.
कारण कळलं नाही.
मी समोरच्या लिंबाखाली बसलो
की दुकानातून फुटाणे पाठवतो.
ओळखलं असावं."

घरच्यांनी मला सांगितला होता फक्त देव.
माणूस इथं होता,
पगारी नजरेनं रोज थोडा थोडा टिपलेला.

मग आली माहे बहमनची सात तारीख.
जोंधळा हुरड्यावर, थंडी हाडात.
त्या रात्री सीनेकाठचा करोडगिरी नाका जळाला;
पुतळ्याखाली कोरलंय, शाळेत पाठ घेतात,
आगीचा उजेड किल्ल्याच्या बुरुजावर पडला
म्हणतात, म्हणणारे म्हणोत.
मिसलीत एवढंच:

"आज इसम घरीच. अंगात ताप.
काढा घेऊन निजला.
मी स्वतः पहाटेपर्यंत पाहिलं."

चाऊस थांबले. मीही थांबलो.
गल्लीतून एक शेळी गेली.
खाली सही कुणाची, काका?
"सही नाही. नंबर आहे. अकरा."
त्या आकड्यावर ठेवलेलं बोट त्यांनी बराच वेळ उचललं नाही.
मग म्हणाले, हा 'ये' बघा,
शेपूट किती लांब काढलंय.
एवढंच.

पुढच्या पानापासून अक्षर बदललेलं.
दुसरा हात, ठसठशीत, समासबिमास सोडून:
अटक. दुकानाला सील. धाराशिवचा तुरुंग.
अमरदादमध्ये टायफॉईड.
आणखी तीन महिने जगते तर सुटले असते.
अकरा नंबरचं काय झालं,
ते या मिसलीत नाही, दुसरी मिसल सापडत नाही.
सुतळी बांधताना चाऊसांनी दोन गाठी मारल्या.

दोन पानं लिहिली. साहेबांनी स ची ओळ खोडली,
पुढारी अडखळत नसतो, म्हणाले,
आणि पाय दोन्ही सारखे केले, पुतळ्यासारखे.
अकरा नंबर मीच लिहिला नव्हता.
कोणत्या रकान्यात लिहायचा?

सतरा सप्टेंबरला सकाळी भाषणं झाली.
एकाचीही जीभ कुठं अडली नाही.
मी मागं, रसवंतीच्या बंद गाड्याशेजारी,
अप्पांच्या उघड्या तोंडाकडं बघत.
त्यात कोणतं अक्षर अडकलंय
ते त्या गर्दीत मला ठाऊक, आणि चाऊसांना.
ते आले नव्हते.

खिशात दोन रुपयांचे फुटाणे होते.
कुणाकडं पाठवावेत, कळेना.