मोकळं टोक

सिकरवार साहेबांनी कोटेशनवर बोट ठेवलं.
"फालकेजी, ये अठारह हज़ार का, ये चार का.
डिब्बा तो एक जैसा है!"
(माझ्या आडनावातला ळ या इमारतीत कुणालाच पेलत नाही.)
डबा खरंच एकसारखा.
चोवीस भोकं, चोवीस दिवे, काळा पत्रा.
मी म्हटलं, फरक डोक्यात आहे.
ते म्हणाले, डोकं म्हणून तुम्हाला ठेवलंय ना.

ग्वाल्हेर, सिटी सेंटर, चार मजले, एकशे बारा माणसं,
आणि जिन्याखालची खोली, जिथे मे महिन्यात
बाटलीतलं पाणी चहाला येतं.
तिथे पंख्याचा स्विच घ्यावा की बिनपंख्याचा,
यावर मी तीन रात्री जागलो.
पंख्याचा धूळ ओढतो. बिनपंख्याचा ताप गिळतो.
बायको म्हणाली, स्विच म्हणजे बटण ना?
दाबायचं आणि झोपायचं.

आधी हब होता. त्याला एकच विद्या यायची, दवंडी.
निगमबाबूंनी एक व्हाउचर छापायला धाडलं
की चारही मजल्यांनी कान टवकारायचे
आणि म्हणायचं, आमचं नाही, आमचं नाही.
स्विच पोस्टमनच्या जातीचा.
पहिल्या दिवशी दारोदार विचारतो,
मग कुठल्या दारामागे कोण, हे त्याला पाठ.
पाच मिनिटं कुणी चकार शब्द काढला नाही
तर तो त्याला विसरतो.
तीनशे सेकंद. बदलता येतात. मी बदलले नाहीत.

शेवटी तीन मजल्यांना शहाणा, तिसऱ्याला स्वस्त.
चौदा हजार वाचले.
मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या आणि मी त्या घेतल्या.

मंगळवार, दहा चाळीस.
फोन मुके. हजेरीचं यंत्र बोट ओळखेना.
कॅमेऱ्यांत सगळे जिथल्या तिथे, एक पाय उचललेले.
एरवी दिवे आपापल्या लहरीने लुकलुकतात,
त्या दिवशी सगळे एका दमात,
ताप चढलेल्या पोराच्या श्वासासारखे.
मी मजल्यामागून मजला वायरी उपटत गेलो.
तिसऱ्यावर, वॉटर कूलरच्या मागे, सापडली:
निळी, हातभर लांब,
दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये.

एक हाक गेली, फिरून स्वतःच्याच कानात आली.
त्याला वाटलं, कुणीतरी हाक मारतंय.
त्याने ती पुढे दिली, सगळ्यांना.
पुन्हा आली. पुन्हा दिली.
बाकीच्या शहाण्यांनी हे ओळखलं असतं,
पण ओळखा, असं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

रामकली पोछा मारत होती.
"लटक रहा था, बाबूजी. पानी घुस जाता.
बगल में छेद खाली था, सो लगा दिया."
किती नीट लावलं होतं! टक् असा आवाज येईपर्यंत.
इंजिनियर लोकांना एवढं जमत नाही.

साहेबांनी विचारलं, किसने किया?
मी म्हटलं, मीच.
ते टोक लोंबतं ठेवणारा मी होतो.
टाळ्या घेणाराही.

शनिवारी चौथा स्विच आला. रामकलीने टॉर्च धरला.
लेबलांच्या चिठ्ठ्या उन्हाने गळून पडत होत्या,
तिने पिशवीतून रेशमाची गुंडाळी काढली.
लाल लेखा विभागाला, पिवळा कॅमेऱ्यांना,
हिरवा साहेबांच्या केबिनला, "पैसा हरा होता है ना."
निगमबाबूंना जांभळा, का ते सांगितलं नाही.
आता इमारतीचा नकाशा तिच्याकडे आहे,
मी अडलो की विचारतो.

मार्चअखेरीला निगमबाबू निवृत्त झाले, मुरैन्याला गेले.
संध्याकाळी त्यांचा कॉम्प्युटर बंद केला.
पाच मिनिटांनी स्विच त्यांना विसरला असेल,
मी घड्याळ लावून बसलो नव्हतो.
सतरा नंबरचं भोक नव्या मुलीला द्यायचंय, सोमवारी रुजू होतेय.
रामकलीला म्हटलं, जांभळा सोड.
म्हणाली, गाठ घट्ट बसलीय.
मी कात्री शोधतोय, असं दोघंही म्हणतो.