चौकट क्रमांक सात

रंकाळा स्टँडवरून सव्वासहाची राधानगरी,
पुढे वनखात्याची जीप, त्याच्यापुढे चालत.
पिशवीत टेप, होकायंत्र, जळवांसाठी तंबाखूची पुडी
आणि तायशेटे सरांची वही,
सत्त्याऐंशी सालची, कव्हरावर काकवीचा डाग.

सरांनी इथे चार लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या.
तीन सापडल्या. चौथी
धाकू लांबोरनं अनवाणी पायानं चाचपून काढली;
एका मुळानं ती निम्मी गिळली होती.
दोरी ताणली. वीस बाय वीस मीटर.
एवढंच रान आमच्या हिशेबातलं.

तो म्हणतो अंजन, मी लॅटिन लिहिते.
तो म्हणतो पिसा, जांभळ, गेळा,
मी लिहिते, घेर मोजते, खडूची खूण करते.
एका रोपापाशी तो थांबतो:
"ह्याला आमच्यात नाव न्हाई.
माझ्या बा-च्या वक्ताला हे नव्हतंच."

दुपारपर्यंत पाऊस तीनदा येऊन गेला.
वहीवर छत्री, छत्रीवर जळू.
शेवटी बेरीज केली. त्रेपन्न जाती.
सरांची वही उघडली. त्रेपन्न.

मला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
अहवालात एक रकाना असतो, फरक.
तिथे शून्य लिहून
चारच्या गाडीनं कोल्हापूर गाठता आलं असतं.

मग नावाला नाव लावत बसले.
सरांच्या यादीतली अकरा नाहीत.
माझ्या यादीतली अकरा त्यांना माहीत नव्हती.
सावलीतली गेली, ओलीतली गेली,
ज्यांना धुकं दहा वाजेपर्यंत लागायचं ती गेली.
आली ती कुठेही येतात अशी:
रस्त्याकडेची, खाणीच्या मातीवरची,
रानमोडी तर दोरीला रेलूनच उभी.
भरलेली आहे चौकट. कोण म्हणेल रिकामी?

आणि पिसा.
तीन जुने पिसे अजून उभे आहेत, दोघींच्या कवेत न मावणारे.
त्यांच्याखाली मी गुडघ्यांवर रांगले,
पाचोळा बाजूला सारला बोटांनी,
जांभळाची रोपं होती, भरपूर,
पिशाचं एक नाही.
मोजणीत मात्र पिसा हजर. तीन.

विद्यापीठातल्या लोखंडी कपाटात
सरांनी दाबून सुकवलेला एक तेरडा आहे,
याच चौकटीतला, पांढऱ्या फुलाचा.
कागद अजून तोच, वर्तमानपत्राचा:
एका अंगाला मार्केट यार्डातला गुळाचा भाव,
दुसऱ्या अंगाला खासबागेतल्या कुस्तीचा निकाल.
मधे फूल, चहाच्या रंगाचं झालेलं.
त्याचा फोटो मी मोबाइलवर धाकूला दाखवला.

"त्यो व्हय? त्यो वर गेला की, बाई."

मी मान हलवली. पेन काढलं.
त्या नावापुढे फुली मारायला
मला तशी सवय झाली होती तोवर.

"अवो, वर!" त्यानं काठीनं डोंगर दाखवला.

गेले त्याच्या मागनं, हाता-पायांवर.
दोरीपासून साठ-सत्तर पावलं चढावर,
जिथे कातळ पाझरतो,
तिथे तो होता, वीतभर जागेत दाटीनं,
प्रत्येक फुलाच्या ओठावर थेंब.
त्याच्यावर आणखी थोडा चढ.
त्याच्यावर सडा, उघडा, उन्हाचा.
त्याच्यावर आभाळ.

नियम असा आहे की दोरी हलवायची नाही.
नाहीतर छत्तीस वर्षांची तुलना कशाशी करणार?
म्हणून मी खाली आले,
तेरड्यापुढे लिहिलं: आढळला नाही.

पानाच्या समासात, पेन्सिलीनं,
खोडता येईल अशा अक्षरात, एवढंच जोडलं:
वर गेला आहे.

धाकू दोरी गुंडाळत होता.
"पुन्यांदा कवा येनार?" त्यानं विचारलं.
मी म्हटलं, दहा वर्षांनी.
त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा कातळाकडं,
आणि चौथ्या खुंटीवर ओळखीसाठी एक दगड ठेवला.